बोटांना कळणारा ढग

गादीवाल्याच्या दुकानात मी तिसऱ्यांदा तेच सांगत होते.

"काका, गादी नकोय. उशी नकोय. उरलेला कापूस हवाय. गाठी झालेला, कळकट, कसाही चालेल."

"कशाला पण?"

"ढग करायचाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुकानाबाहेर रिपरिपणाऱ्या पावसाकडे पाहिलं. चार दिवस आभाळ भरलेलं होतं आणि या बाईला आणखी एक ढग हवा होता.

"आभाळातला नाही हो! तारे ज्याच्यात जन्मतात ना... तो वायूचा ढग."

"मग कापूस चालणार नाही."

हे काका बोलले नव्हते. मी मागे वळले. उंच, किडकिडीत माणूस. चष्म्यावर पावसाचे थेंब, मान एका बाजूला कललेली. दोन्ही काखांत एकेक उशी.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "पण कापूस सगळीकडे सारखाच मऊ असतो. तो ढग तसा नसतो. आत मोठे तरुण तारे पेटले की ते त्याला आतून पोखरत जातात. पोकळ्या होतात, भिंती होतात, कडा..."

"आणि तुम्ही कोण? गादीवाले?"

"नाही, मी उशी घ्यायला आलोय. मान अवघडलीय."

"मग घ्या नि निघा ना!"

त्याने दोन्ही उशा पुन्हा एकदा दाबून पाहिल्या, कडक होती ती घेतली आणि दारापर्यंत गेला. तिथून वळून म्हणाला, "शिवाय कापूस दमट होतो—"

मी निव्वळ त्याच्या नाकावर टिच्चून अख्खं पोतं विकत घेतलं.

मी मॉडेलं बनवते. शाळांसाठी हृदय, दाढा, ज्वालामुखी, एकदा तर दरवाजे उघडझाप करणारं धरण. प्लास्टर, कागदाचा लगदा, तारेची जाळी आणि भेगा बुजवायची लांबी, या चार गोष्टींत जग बसवता येतं असं माझं मत. या वेळी गावातल्या विज्ञान केंद्राने बोलावलं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक नवं दालन होणार होतं, सगळं हात लावून बघायचं. मधल्या टेबलावर चार फुटांचं मॉडेल: तरुण तारे भोवतालच्या वायूच्या ढगाला आकार कसा देतात.

"फोटो मी देते," संचालक मॅडम म्हणाल्या. "तपासणी आमचे खगोलतज्ज्ञ करतील. त्यांची सही झाल्याशिवाय इथे काही मांडत नाही आम्ही."

तेवढ्यात दार उघडलं आणि आधी एक कललेली मान आत आली.

मॅडमनी ओळख करून दिली. त्याने माझ्या पायाशी असलेल्या पोत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि एक शब्द बोलला नाही! बोलला असता तर परवडलं असतं. ते न बोलणंच माझ्या डोक्यात गेलं.

कापसाचा ढग आठवड्यात दमट होऊन बसला. एका बाजूने खचलाच. मी मॅडमना पाठवलेला फोटो पाहून त्याचा फोन आला.

"एक शंका होती..."

"माहितीय! दमट झालाय. लगद्याचा करतेय आता."

"नाही, ती शंका नव्हती. तुमचे खांब उलटे आहेत."

खांब म्हणजे ढगाच्या आतले ते उंच सुळके. फोटोत मला ते फार आवडले होते, म्हणून मी ते ऐटीत उभे केले होते, मला वाटतील तिकडे तोंडं करून. मी म्हटलं, खांब तो खांब, उलटा काय नि सुलटा काय. तो म्हणाला, उद्या येऊन दाखवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या घरी आला. वर मी आणि मावशी राहतो, खाली माझं वर्कशॉप. आल्या आल्या त्याने विचारलं, "हेअर ड्रायर आहे?"

"आहे. प्लास्टर वाळवायला."

"आणि प्लास्टरची कोरडी पावडर?"

मी दिली. इथे माझं चुकलं. त्याने परातीत पावडरीचा जाड थर पसरला, खिशातून शर्टाची पाचसहा बटणं काढली आणि थरात इथेतिथे दाबली.

"हा ढग. ही बटणं म्हणजे ढगातल्या दाट गाठी. आणि हा," त्याने ड्रायर उंचावला, "नुकताच पेटलेला मोठा तारा. त्याचा प्रकाश इतका प्रखर असतो की जवळचा वायू तापून फुगतो, पसरतो. वर त्याचा वारा असतो, तोही ढकलत राहतो. आता बघा."

"थांबा, तिकडे माझं ओलं—"

त्याने ड्रायर सुरू केला.

वर्कशॉप पांढरं झालं. खिडकी पांढरी, घड्याळ पांढरं, आणि कोपऱ्यात मी सकाळीच वॉर्निश मारून ठेवलेली चार दातांची कवळी... तिच्यावर बर्फ पडल्यासारखा थर. मी ओरडले. तो खोकला. वरून मावशीची हाक आली, "काय फुटलं गं?"

"काही नाही! खगोलशास्त्र चाललंय!"

धूळ खाली बसली तेव्हा तो परातीपाशी वाकलेला दिसला. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, आणि चेहऱ्यावर एवढा आनंद, की हातातला ओला फडका मी त्याच्यावर फेकायची विसरले.

"बघा ना," तो हळूच म्हणाला.

मी पाहिलं. पावडर उडून गेली होती, पण प्रत्येक बटणामागे एक लांब शेपूट शिल्लक होतं. बटणाच्या आडोशाने वाचलेलं. आणि सगळ्या शेपट्यांची बटणाकडची तोंडं ड्रायरकडे होती.

"म्हणजे... खांब कोणी उभे केलेले नसतात," मी म्हटलं. "ते उरलेले असतात."

"हो!" त्याने एवढ्या जोरात मान हलवली की ती पुन्हा अवघडली. "आई गं..."

मला हसू आवरेना. तो मान धरून उभा, पापण्यांवर प्लास्टर. त्याने माझ्याकडे पाहिलं, तोही हसायला लागला. आणि मग दोघंही जरा जास्तच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो... मी लगेच फडका त्याच्या हातात दिला.

"खिडकी तुम्ही पुसायची. कवळीसुद्धा."

त्याने पुसली. दात मोजून पुसले.

त्यानंतर माझ्या आयुष्यात शंकांचा पाऊस सुरू झाला. सकाळी दात घासताना मेसेज: 'एक शंका. पोकळी पूर्ण गोल नको. ढगाची भिंत जिथे पातळ असते तिथे ती फुटते, वायू बाहेर निसटतो.' मी भिंतीला खिंडार पाडलं. दुपारी: 'एक शंका. खिंडाराच्या कडा आतल्या दिशेने वळल्यात. वारा आतून बाहेर जातो.' मी कडा वळवल्या. संध्याकाळी तो स्वतः हजर.

"चहा घेणार?" मावशी विचारायची.

"एक शंका होती फक्त..."

"ती चहाबरोबर सांग."

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. चाळीस वर्षं शिवणकाम केलं तिने, आणि आठ वर्षांपूर्वी नजर हळूहळू जात जात पूर्णच गेली. पण हातात कापड दिलं की सूत कुठलं, उभं की आडवं, धुऊन किती वेळा झालंय, सगळं सांगते. या माणसाचं नाव तिने शंकासुर ठेवलं. त्याच्या तोंडावर.

"शंकासुर आला नाही का गं आज?" एखाद्या दिवशी तो आला नाही की ती विचारायची.

"सुटले मी!"

"हो का? मग मघापासून दोनदा खिडकीशी कशाला गेलीस?"

दिसत नाही म्हणतात तिला!

लगद्याचं मॉडेल वाळायला लागलं. या दमट हवेत वाळणं म्हणजे परीक्षाच होती, पण जमत आलं. एक मोठी ओबडधोबड ढगाची भिंत, आत गुळगुळीत कोरलेली पोकळी, मधोमध तरुण ताऱ्यांचा घोळका म्हणून पितळेचे पाच गोल खिळे, आणि भिंतीवरून त्यांच्याकडे झुकलेले सात खांब. खांबांच्या टोकांशी मी अगदी बारीक मणी बसवले होते. तिथे दाबल्या गेलेल्या वायूत कधी कधी नवे तारे जन्मतात, असं त्यानेच सांगितलं होतं.

पहिली तपासनीस अर्थातच मावशी. तिने दोन्ही हात ठेवले, सावकाश फिरवले.

"ही भिंत. बरं... इथे आत काहीतरी तापलंय, त्यामुळे हे घासलं गेलंय. हे फुटलेलं दार. छान! आणि हे काय? टाके उसवलेत का इथे?"

"ते खांब आहेत, मावशी."

"हे खांब? धागे आहेत."

मी शेजारी उभ्या शंकासुराकडे पाहिलं. खांबांची जाडी त्याची होती. त्याने फोटोवर पट्टी लावून, आकडेमोड करून, एवढ्या पोकळीला एवढेच खांब असं लिहून दिलं होतं. सुतळीएवढे.

"खांब जाड करते," मी म्हटलं. "अंगठ्याएवढे."

"नाही चालणार. प्रमाण चुकेल."

"बोटांना कळत नाहीयेत ते!"

"पण खरे तेवढेच असतात."

"तुमचं प्रमाण डोळ्यांसाठी आहे हो! हे दालन कोणासाठी आहे?"

"म्हणूनच तर," त्याचा आवाजही चढला. पहिल्यांदाच. "बघणारा माणूस दहा फोटो ताडून पाहील. इथे येणाऱ्याच्या हाताला जे लागेल तेच त्याला खरं वाटणार. त्याला चुकीचं कसं देऊ मी?"

"आणि काहीच नाही कळलं तरी चालेल?"

त्याने मान चोळली. मग म्हणाला, "जाड खांबांवर मी सही करणार नाही."

"नका करू!"

तो गेला. दारातून बाहेर पडताना मान धरलेली दिसली, आणि मला त्याचा राग यायचा सोडून उशीचा राग आला. तेवढी कडक कशाला घ्यायची?

त्या रात्री मी हट्टाने वेगळ्या पाटावर सात जाड खांबांचा तुकडा करून ठेवला, मण्यांसकट. सोमवारी मॅडमचा फोन आला. शुक्रवारी उद्घाटन. गुरुवारपर्यंत सही नसेल तर त्या टेबलामागच्या भिंतीवर मोठा फोटो लावून मोकळं होणार.

"फोटो?" मी म्हटलं. "न दिसणाऱ्यांच्या दालनात?"

"माझाही नाइलाज आहे गं. तुम्ही दोघं काय ते मिटवा."

मिटवायला शंकासुराने फोन तर करायला हवा! ना मेसेज, ना शंका. सोमवार गेला, मंगळवार गेला. सकाळी दात घासताना मी मूर्खासारखी फोनकडे बघत होते.

बुधवारी मी ठरवलं, पुरे झालं. मॅडमना समोरासमोर सांगायचं, मला हे काम नको. तावातावाने केंद्रात गेले. मॅडम मीटिंगमध्ये. अर्धा तास बाकड्यावर बसले, वैतागले, परत आले. वर्कशॉपचं दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होते.

"काय लागतंय? सांग."

"भिंत... खाली उतरतेय... गुळगुळीत झाली. इथे काहीतरी खरखरीत आहे."

"ते तुझे खांब. किती आहेत?"

"दोन... नाही, तीन?"

"सात आहेत. काल तरी चार सांगितले होतेस. आणि नखं काप म्हटलं होतं ना तुला? नखं वाढवून बोटांना काय कळणार?"

मी फटीतून पाहिलं. माझ्या स्टुलावर शंकासुर बसला होता. डोळ्यांवर मावशीचा निळा स्कार्फ घट्ट बांधलेला, दोन्ही हात मॉडेलवर. शेजारी मावशी, शिवणाच्या क्लासात बसावी तशी ताठ.

"काल तरी?" म्हणजे हा कालही आला होता? मी कागद आणायला बाजारात गेले होते तेव्हा!

"आता हा दुसरा पाट घे," मावशी म्हणाली.

त्याने जाड खांबांवर हात ठेवला. बोटं एका खांबाच्या बुंध्यापासून निघाली, वर वर गेली, थांबली. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर.

"कलतायत," तो पुटपुटला. "हा इकडे... हाही. सगळेच! म्हणजे तारा... तारा या बाजूला असणार!" आणि परातीपाशी झाला होता तसाच आनंद त्याच्या चेहऱ्यावर, निळ्या स्कार्फखाली.

माझी चप्पल वाजली असावी. मावशीने मान वळवली, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच उठून जिन्याकडे गेली. कधी नव्हे ते पायरी न मोजता.

मी स्टुलामागे जाऊन उभी राहिले. त्याचा हात खांबाच्या टोकाशी घोटाळत होता. तिथला मणी त्याला सापडत नव्हता. न राहवून मी त्याचं बोट धरलं आणि मण्यावर नेऊन ठेवलं.

त्याने मान किंचित वळवली.

"मावशी...?"

मी बोट तसंच धरून ठेवलं.

"नाही," तो म्हणाला. "मावशींच्या बोटांना सुईचे टोचे आहेत. हे पॉलिश पेपरने घासलेलं बोट आहे. अंगठ्याला वॉर्निशचा वास." मग अगदी हळू, "...स्कार्फ काढू?"

"आधी खांब मोजा."

"सात."

"न मोजता?"

"मोजले मघाशीच. हात सोडवत नाहीये म्हणून बसलोय."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. बरं झालं, त्याचे डोळे बांधलेले होते.

"चुकलो मी," तो स्कार्फ न काढताच सांगू लागला. "लहानपणी माझ्याकडे एक पुस्तक होतं. त्यात सगळे ग्रह माळेतल्या मण्यांसारखे जवळ जवळ काढलेले. मला किती वर्षं तसंच वाटायचं. कॉलेजात भर वर्गात बोललो, सगळे हसले. तेव्हापासून कोणाच्या हातात चुकीचं काही द्यायचं म्हटलं की..." तो थांबला. "पण तुम्ही म्हणालात ते डोक्यातून जाईना. म्हणून मावशींना विचारलं, शिकवाल का. तीन दिवस येतोय. तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं."

"का?"

"जमलं नसतं तर लाज वाटली असती."

इतके दिवस जमा केलेला सगळा वैताग मी शोधत होते. हाताशी थोडाही सापडेना.

"जाड खांबच ठेवू," मी म्हटलं. "आणि कडेला एक छोटा तुकडा लावू, खऱ्या जाडीचा, तुमच्या सुतळीचा. खाली ब्रेलमध्ये लिहू, खरे एवढे बारीक असतात, बोटांना कळावेत म्हणून मोठे केलेत. कोणाला फसवायला नको, आणि कोणाला रिकाम्या हाताने पाठवायला नको."

त्याने स्कार्फ खाली ओढला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे जरा बावरलेले दिसत होते.

"हे आधी का नाही सुचलं आपल्याला?"

"कारण तुम्ही भांडत होतात!"

"तुम्हीसुद्धा."

"मी... बरं, मीसुद्धा."

गुरुवारी दिवसभर आम्ही खांब बसवत होतो. त्याने सही केली तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि सहीखाली त्याने लिहिलं होतं, 'प्रमाण मुद्दाम बदललेले आहे. योग्य आहे.'

शुक्रवारी गर्दी झाली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या होत्या, जन्मापासून न दिसणाऱ्या. त्यांनी वीस मिनिटं हात उचलला नाही. खिंडारापासून सुरुवात करून त्या आत आत गेल्या, खांबांवरून चढल्या, पितळी खिळ्यांशी पोचल्या.

"म्हणजे ज्या घरात जन्मले तेच मोडायला घेतात की हे!" त्या म्हणाल्या.

"मोडतात खरे," तो त्यांच्याशेजारी वाकून म्हणाला. "काही दशलक्ष वर्षांत बराचसा ढग पांगून जातो. मग तिथे नवे तारे होणं थांबतं. पण जाता जाता कडेला वायू दाबला जातो, तिथे काही नवे पेटतातही."

बाईंचं बोट बारीक मण्यावर थांबलं. "हे ते?"

"हो, ते."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्यांचा चेहरा पाहून तो माझ्याकडे वळला.

दुपारी मॅडम घाईघाईने आल्या. टेबल मधोमध असल्यामुळे रांग अडत होती. मॉडेल खिडकीजवळच्या खोलीत हलवायचं होतं, आणि उचलणारी माणसं जेवायला गेली होती.

"आम्ही नेतो," तो म्हणाला.

प्लायवूडवरचा चार फुटांचा ढग. वजन असेल चाळीस किलो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो, उलटा चालत. बोळ अरुंद. माझे दात आवळलेले.

"डावीकडे घ्या... अहो, तुमच्या डावीकडे!"

"घेतलं."

"खांब भिंतीला लागेल, सावकाश!"

"सावकाशच चाललोय. ऐका ना—"

"आता काय?"

"माझं तुमच्यावर प्रेम आहे. मागे पायरी आहे का?"

मी थांबले. म्हणून तोही थांबला. ढग आमच्या दोघांच्या मधे, बोळाच्या मधोमध.

"ही वेळ आहे हे सांगायची?" माझा आवाज फाटला. "चाळीस किलो आहेत हातात!"

"म्हणूनच. हात मोकळे असते तर तुम्ही काहीतरी फेकून मारलं असतं. नाहीतर मीच घाबरून पळालो असतो. आता कोणालाच कुठे जाता येत नाही."

"किती दिवसांपासून ठरवलंय हे?"

"ठरवलं नाही हो... दारातून निघताना तोंडापर्यंत आलं, आणि वळणावर सुटलं." त्याच्या कपाळावर घाम होता, मान पुन्हा एका बाजूला. "उत्तर लगेच नको. फक्त पायरीचं सांगा."

या माणसाने माझा कापूस वाया घालवला, कवळी खराब केली, सकाळी धड दात घासू दिले नाहीत. आणि आता हे असं, बोळात, घामाघूम... माझे खांदे भरून आले होते. दोन पावलांवर भक्कम बाकडं होतं. मॉडेल टेकवता आलं असतं.

"एकच पायरी आहे," मी म्हटलं. "उतरायची. मागे नको बघूस, मान अवघडेल. मी सांगते तसा ये."

तो हललाच नाही. "काय म्हणालात?"

"ऐकलंस ना? उतर आता. सावकाश रे!"

आणि तो उतरला... माझ्याकडे बघत, एकदाही मागे न वळता.